सायबेरियन हस्की: भुरीसोबतच्या पाच वर्षांनंतर

गेल्या आठवड्यात पुण्याहून भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. वाकडला अकराव्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट, नवरा-बायको दोघंही आयटीत, लग्नाला दीड वर्ष झालेलं. "मावशी, आम्ही हस्की घेतोय. पिल्लू बघून ठेवलंय. निळे डोळे, अगदी आपल्या भुरीसारखं. तुझं मत सांग." मत फोनवर पाच मिनिटांत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला बसले. त्याच्याआधीही किती जणांनी हेच विचारलंय. इथे गणपतीला घरी येणारी मंडळी भुरीला बघतात, तिच्या मानेत हात घालतात आणि प्रसाद हातात यायच्या आत विचारतात, "आम्हीही घ्यावा का हो?"

मी मूळची साताऱ्याची. कॅनडात कॅलगरीला येऊन चौदा वर्षं झाली. शहराच्या वायव्य भागात नोज हिल पार्कच्या जवळ आमचं घर आहे, मागे कुंपण घातलेलं अंगण. मी एका कंपनीत हिशेब बघते, नवरा शाळेत शिकवतो, मुलगी बारा वर्षांची आहे. भुरी आमच्याकडे आली ऑक्टोबर २०२० मध्ये, सोडून दिलेल्या कुत्र्यांच्या एका निवाऱ्यातून. तेव्हा ती दोन वर्षांची होती आणि तोवर दोन घरांनी तिला परत केलं होतं. तिच्या कागदांवर पहिल्या घराचं कारण लिहिलं होतं 'पळते', दुसऱ्याचं 'रडते, घर फोडते'. दोन्ही कारणं खरी होती. आजही खरी आहेत.

दिसायला ती राखाडी-पांढरी, एक डोळा निळा, एक घारा. वजन २२ किलो. फोटोत हस्की लांडग्याएवढा वाटतो, पण तो मध्यम आकाराचा कुत्रा आहे. मादी साधारण १६ ते २३ किलोची, नर २० ते २७ किलोचा. भारदस्त, रुंद छातीचा जो दिसतो तो बहुतेक वेळा अलास्कन मालाम्यूट असतो, त्याचं वजन ३५-४० किलोच्या घरात जातं. मालाम्यूट जड ओझं सावकाश ओढणारा, हस्की हलकं ओझं घेऊन लांबवर धावणारा. घरात आणायच्या आधी हा एवढा फरक मनात पक्का बसला की पुढचं सगळं आपोआप कळतं.

सायबेरियाच्या ईशान्य टोकाला चुकची लोक राहतात. त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हा कुत्रा बर्फगाडीसाठी घडवला. थोडक्या अन्नावर, बेताच्या वेगाने, दिवसभर पळेल आणि संध्याकाळी माणसांमध्ये शांतपणे बसेल असा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे कुत्रे समुद्र ओलांडून अलास्कात नोमला पोचले आणि १९०९ च्या बर्फगाड्यांच्या शर्यतीत उतरले. तिथले लोक आधी त्यांच्या लहान चणीमुळे त्यांना मोजायला तयार नव्हते. मग १९२५ च्या जानेवारीत नोममध्ये घटसर्पाची साथ आली. औषध अलास्कातल्याच नेनाना गावापर्यंत रेल्वेने आलं आणि पुढचं १,०८५ किलोमीटर अंतर वीस गाडीवानांनी आणि सुमारे दीडशे कुत्र्यांनी साडेपाच दिवसांत कापलं. शेवटच्या टप्प्यातल्या बाल्टो नावाच्या कुत्र्याचा पुतळा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात उभा आहे. सगळ्यात लांब आणि सगळ्यात धोक्याचा टप्पा मात्र लिओनार्ड सेप्पाला या गाडीवानाच्या टोगो नावाच्या कुत्र्याने ओढला होता, बारा वर्षांचा असताना.

टोगोची एक गोष्ट मला भुरीमुळे कायम आठवते. पिल्लू असताना तो लहानखुरा आणि उपद्व्यापी होता, म्हणून सेप्पालाने त्याला घरात पाळायला म्हणून एकीला देऊन टाकलं. टोगोने त्या घराच्या खिडकीची काच फोडली आणि कित्येक किलोमीटर पळत तो आपल्या कळपात परत आला. त्या बाईंचं घर चांगलंच असणार. उबदार असेल, खायला-प्यायला भरपूर असेल. त्याला धावायचं होतं. भुरीला परत करणारी ती दोन घरंही वाईट नव्हती, असं मला आता वाटतं.

आता आमचा रोजचा दिवस सांगते, कारण परीक्षण खरं त्याचंच आहे. पहाटे साडेपाचला मी उठते. जानेवारीत बाहेर उणे २० असतं आणि उजाडायला अजून तीन तास असतात. कपाळाला दिवा, बुटांना बर्फावर न घसरणारे काटे, कमरेला रुंद पट्टा. त्या पट्ट्याला ताणणारी दोरी आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला हार्नेस, म्हणजे छाती-पाठीभोवतीचा पट्टा, घातलेली भुरी. अशी पाच ते सहा किलोमीटर आम्ही धावतो, म्हणजे ती ओढते आणि मी मागे पावलं टाकते. गाडीवान कुत्र्यांना उजवीकडे वळायला 'जी' आणि डावीकडे वळायला 'हॉ' म्हणतात. आम्ही तिला 'उजवी' आणि 'डावी' शिकवलं, आठवडाभरात शिकली. संध्याकाळी नवरा आणखी तासभर चालवून आणतो. हे वर्षातले ३६५ दिवस. ताप असो, पाहुणे असोत, दिवाळीचा फराळ करायचा असो. पाच वर्षांत सलग दोन दिवस खाडा झाला तो एकदाच, मला कोविड झाला आणि नवरा गावाला होता तेव्हा. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने अंगणात कुंपणाखाली माझ्या कोपरापर्यंत हात जाईल एवढा खड्डा उकरून ठेवला होता.

अंगण मोठं आहे, सोडून देऊ, धावेल आपलं आपलं, असं म्हणणारे बरेच भेटतात. अंगणात हस्की धावत नाही. तो दाराकडे तोंड करून बसतो आणि तुमची वाट बघतो. कंटाळला की उकरतो. आम्ही कुंपण सहा फुटी केलं आणि त्याच्या बुडाशी दीड फूट खोल जाळी पुरली. त्यावर झालेला खर्च तिला घरी आणण्याच्या खर्चाच्या कितीतरी पट होता.

पळण्याबद्दल मात्र मला सविस्तर सांगायलाच हवं. २०२१ चा मार्च. नोज हिलच्या टेकडीवर संध्याकाळी आम्ही दोघी चालत होतो. इथे शहरात पांढरे, लांब कानांचे ससे सर्रास दिसतात. गवतातून एक निघाला. भुरीने झेप घेतली नाही. ती उलट मागे सरकली, मान खाली घातली आणि पट्टा तिच्या कानांवरून असा निघाला की माझ्या हातात रिकामं वर्तुळ राहिलं. मग ती गेली. मी हाका मारल्या. तिने एकदा वळून बघितलं, तो निळा डोळा मला स्पष्ट दिसला, आणि पुन्हा धावायला लागली. त्या टेकडीच्या एका अंगाला शागानापी ट्रेल आहे, दुसऱ्या अंगाला फोर्टीन्थ स्ट्रीट, दोन्हीवर गाड्या सुसाट असतात. साडेचार तास आम्ही तिला शोधत होतो. मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती, गाडीत मागे बसून खिडकी उघडी ठेवून "भुरी, भुरी" ओरडत होती, आवाज बसेपर्यंत. रात्री साडेदहाला एका अनोळखी बाईंचा फोन आला. त्यांच्या गॅरेजपाशी येऊन बसली होती. निघालेल्या पट्ट्यालाच शहराच्या परवान्याचा बिल्ला होता, त्यामुळे तो काही उपयोगी पडला नाही. निवाऱ्याने कातडीखाली बसवलेली चिप दवाखान्यात वाचून त्यांनी आमचा नंबर काढला.

त्या दिवसापासून तिच्या गळ्यात ओढलं की आवळणारा पट्टा असतो आणि अंगावर हार्नेस असतो, दोरी दोन्हींना बांधलेली. मोकळं सोडणं नाही. कुत्रे मोकळे सोडायची जागा नोज हिलवरच आहे, तिथे लॅब्रडोर बोलावलं की धावत येतात, मला बघून बरं वाटतं. भुरीला मी तिथे सोडत नाही. हाक तिला कळते, शंभर टक्के कळते. बर्फगाडीच्या पुढच्या कुत्र्याला कधीकधी गाडीवानाचं ऐकायचं नसतंच. पुढचा बर्फ पातळ आहे हे कुत्र्याला कळतं, माणसाला कळत नाही, अशा वेळी हुकूम मोडणारा कुत्रा सगळ्यांचा जीव वाचवतो. स्वतः ठरवणं या जातीच्या रक्तात मुरलेलं आहे. हस्की घ्यायचा तर त्याच्या आयुष्याची बारा ते चौदा वर्षं दोरी हातात ठेवायची तयारी हवी.

शेजारच्यांच्या मांजराच्या बाबतीतही तेच. एकत्र वाढलेली मांजर-हस्की जोडी मी पाहिली आहे, पण भुरीच्या नजरेत पळणारी प्रत्येक लहान गोष्ट शिकार असते. घरात ससा, पक्षी असतील तर हा कुत्रा नको.

केसांचं. वर्षातून दोनदा, वसंतात आणि पुन्हा पानगळीत, अंगावरची आतली लोकर सगळी सुटते. राठ वरचे केस वेगळे, त्याखालची ही मऊ लोकर वेगळी. चिमटीत झुबका धरून ओढला की सरकी काढलेला कापूस यावा तसा हातात येतो, तिला दुखत नाही. तीन आठवडे मी रोज अर्धा तास मागच्या ओट्यावर बसून लांब दातांच्या फणीने काढत असते आणि रोज किराणाची एक पिशवी भरते. उरलेले दहा महिनेही केस असतातच. कणीक मळायच्या आधी परात पुसायची, ही आता सवय झाली आहे. कुणाला दम्याचा त्रास असेल तर आधी हस्की असलेल्या घरात जाऊन दोन-तीन तास बसावं, मग ठरवावं. एक गोष्ट मात्र मनापासून सांगते, या कुत्र्याच्या अंगाला वास येत नाही. आंघोळ वर्षातून तीन-चारदा पुरते.

आणि हीच लोकर थंडीत काय काम करते ते बघण्यासारखं असतं. उणे २८ ला आम्ही दार उघडून "आत ये गं" म्हणतो आणि ती अंगणातच बर्फात खळगा करून गोल वेटोळं घालते, झुबकेदार शेपूट नाकावर ओढून घेते. पाठीवर पडलेला बर्फ वितळत नाही, इतकी आतली ऊब आत राहते. मी हातमोजा काढून तिच्या खांद्याच्या लोकरीत बोटं खुपसते. दुसऱ्या पेरापर्यंत गार आणि त्याखाली एकदम भट्टीसारखं. माझी गारठलेली बोटं मिनिटभरात मोकळी होतात. अशा वेळी कळतं की हे जनावर कोणत्या जागेसाठी बनलेलं आहे.

उन्हाळ्यात हे सगळं उलटं होतं. २०२१ च्या जूनअखेर पश्चिम कॅनडात उष्णतेची लाट आली होती. ब्रिटिश कोलंबियात लिटन गावी पारा ४९.६ अंशांवर गेला. कॅलगरीतही ३५ च्या आसपास होतं आणि आमच्याकडे एसी नव्हता. भुरी बेसमेंटच्या उघड्या सिमेंटवर चारी पाय पसरून पालथी पडलेली, जीभ बाहेर, धापांमागून धापा. मी ओले टॉवेल घेऊन तिच्या पोटाशी, पंजांशी रात्रभर बसले होते. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. धाप टाकून, जिभेवरची ओल उडवून तो गार होतो. हवा दमट असली की ती ओलही उडत नाही. लोकर भादरून टाकावी असं वाटतं, पण ते करू नये. वरचे केस उन्हापासूनही सांभाळतात, आणि एकदा कापले की नीट परत येतीलच असं नाही.

म्हणून महाराष्ट्राबद्दल माझं मत स्पष्ट आहे. २०२३ च्या मे महिन्यात मी पुण्यात बहिणीकडे होते. तिच्या सोसायटीत एक हस्की होता, चार वर्षांचा, मालकांचा अत्यंत लाडका. दिवसभर एसीची खोली. पहाटे पाचला वीस मिनिटं खाली, रात्री दहानंतर वीस मिनिटं. मधल्या वेळेत दार उघडं सापडलं की तो लिफ्टसमोरच्या फरशीवर येऊन झोपायचा, कारण ती गार असायची. मी त्याच्याजवळ बसले, बरगड्या चाचपल्या, हाताला लागल्या नाहीत इतका सुटलेला. अंगाखालची फरशी तापली की उठायचा आणि दोन पावलं सरकून पुन्हा पडायचा. मालकीणबाई म्हणाल्या, "शांत आहे हो फार, त्रासच नाही." मला रडू यायचं बाकी होतं. एसीने जीव जगतो, पण तास-दीड तास धावायला थंड हवा लागते आणि ती पुण्यात वर्षातले जेमतेम दोन-अडीच महिने, तेही पहाटेच मिळते. मुंबईत, कोकणात, गोव्यात तेवढीही नाही. वीज गेली तर काय, हा प्रश्न आहेच.

एकटेपणाबद्दलही लिहायला हवं, कारण भाचा आणि सून दोघं दहा-दहा तास बाहेर असतात. हा कळपात राहणारा कुत्रा. पहिली दोन वर्षं मी घरून काम करत होते, सगळं छान चाललं होतं. २०२३ मध्ये आठवड्याचे तीन दिवस ऑफिस सुरू झालं. पहिल्याच आठवड्यात तिने मागच्या दाराची चौकट खालून फूटभर कुरतडली आणि शेजाऱ्यांनी सांगितलं की ती अकरा ते दोन सलग रडत होती. हस्की भुंकतो कमी, हेल काढतो. तो आवाज तीन घरं ओलांडून जातो. आता त्या तीन दिवशी ती पाळणाघरात जाते. पहिलं पाळणाघर आम्ही सोडलं. मोकळ्या मैदानात इतर कुत्र्यांबरोबर ठेवतो असं सांगून ते दिवसाचा बराच वेळ पिंजऱ्यात ठेवत होते, तिचे पंजे कुरतडलेले दिसले तेव्हा कळलं. दुसरं चांगलं आहे, पण महिन्याला जवळजवळ पाचशे डॉलर जातात.

हाच हेल गणपतीत मात्र आम्हाला गोड लागतो. आरतीला घंटा वाजली की भुरी उठून येते, मान वर करते आणि सूर लावते. "दर्शनमात्रे"ला तर हमखास.

मराठी घरात हस्की किंवा कुठलाही कुत्रा आणताना एका गोष्टीकडे लक्ष ठेवा. आपल्या स्वयंपाकात कांदा-लसूण सगळीकडे असतो आणि प्रसादाच्या शिऱ्यात बेदाणे. दोन्ही कुत्र्यांना विषासमान आहेत. तिसऱ्या वर्षी एका पाहुण्यांनी प्रेमाने तिला वाटीभर शिरा भरवला. आम्ही रात्री अकराला इमर्जन्सी दवाखाना गाठला, तिथे उलटी करवून रात्रभर सलाइन लावलं. आता प्रसादाची ताटं वर ठेवतो आणि येणाऱ्या प्रत्येकाला दारातच सांगतो. एरवी तिचं खाणं कमी, दिवसाला दोन-सव्वादोन कप कोरडं खाणं, तिच्याएवढ्या इतर कुत्र्यांपेक्षा थोडंच. डोळ्यांची तपासणी दरवर्षी करतो, कारण या जातीत लहान वयात मोतीबिंदू होतो. पिल्लू घेणाऱ्यांनी आई-बापाच्या डोळ्यांच्या तपासणीचे कागद मागावेत. जो दाखवत नाही त्याच्याकडून घेऊ नये.

राखणीसाठी कुणी हस्की घेत असेल तर घेऊ नये. आमच्या दारात पार्सल घेऊन येणारा प्रत्येक माणूस भुरीचा मित्र आहे. मुलांशी तिची माया अपार आहे. मुलगी आजारी असली की तिच्या पलंगाखालून हलत नाही. पण बारा वर्षांच्या मुलीच्या हातात मी एकटीला तिची दोरी आजही देत नाही.

तर, कुणी घ्यावा? थंड मुलखात राहणाऱ्या, रोज पळणाऱ्या किंवा पळायची मनापासून आवड असणाऱ्या, घरात कुणी ना कुणी असणाऱ्या माणसांनी. अशांसाठी माझं मत पाचपैकी पाच. माझं स्वतःचं आयुष्य या कुत्रीने बदललंय. सात वर्षांपूर्वी मला दोन जिने चढले की धाप लागायची. नोज हिलवर पहाटे एकीकडे शहराचे दिवे, दुसरीकडे रॉकीजच्या कडा उजळायला लागलेल्या आणि पुढे दोरी ताणून धरलेली भुरी, हे सुख मला दुसऱ्या कशात मिळालेलं नाही. घ्यायचाच असेल तर मोठा, परत केलेला हस्की निवाऱ्यातून घ्यावा. त्याचा स्वभाव आधीच समोर असतो आणि त्याला घराची गरज असते.

भाच्याला मी 'नको' सांगितलं. तो थोडा हिरमुसला. म्हणाला, "मग कुत्रा पाळूच नये का?" म्हटलं, पाळ की. तुमच्या सोसायटीच्या फाटकापाशी पिल्लं घातलेली कुत्री आहे, तूच मागे फोटो पाठवला होतास. ती हवा, तो पाऊस, ती दुपार त्या पिल्लांच्या अंगवळणी आहे. त्यालाही वेळ द्यावा लागेल, म्हणून एक काम दिलंय. महिनाभर रोज पहाटे साडेपाचला पाऊण तास आणि संध्याकाळी पाऊण तास, दोघांपैकी एकाने नुसतं रिकाम्या हाताने चालून यायचं, आणि परत आल्यावर मला मेसेज टाकायचा. आज सहावा दिवस. काल संध्याकाळचा मेसेज आला नाही, विचारलं तर मीटिंग लांबली म्हणाला. आज सकाळचा मात्र पाच पंचावन्नला आलाय, सोबत फाटकापाशी झोपलेल्या तांबूस पिल्लाचा फोटो.